रांगेतली पुढची सूचना

शिंपीकाकांची सूचना गुरुवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी बाहेर पडली आणि तासाभरात नऊशे लोकांनी ती पुढे पाठवली. वास्तविक ती बाहेर पडायचीच नव्हती. शिकाऊबाईने ती लावली होती थेट पुढच्या वर्षीच्या तारखेला, आणि तीही नुसती करून बघायला. नवं पातेलं आणल्यावर आधी त्यात पाणी उकळून बघतात ना, तशी.

संस्था दोन खोल्यांची. स्मृतिभ्रंश झालेली म्हातारी माणसं घरातून चालू लागतात आणि परतीचा रस्ता विसरतात. अशांचा फोटो, वर्णन आणि घरचा नंबर घालून सूचना काढायची आणि लोक जिथे जिथे मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेले असतात तिथे तिथे ती पोचवायची, हे संस्थेचं काम. पुढच्या खोलीत फोनकाका बसत. त्यांनी उभा जन्म टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर म्हणून काढला होता आणि निवृत्त झाल्यावर घरातली शांतता सोसेना म्हणून ते इथे आले होते. मागच्या खोलीत मोठ्या बाई. स्वतःच्या आईला शोधता शोधता त्यांनी ही संस्था उभी केली होती. आणि दाराआडच्या टेबलाशी, जिथे पूर्वी छत्र्या ठेवत, तिथे शिकाऊबाई.

तिशी ओलांडलेली, दोन वर्षांच्या मुलीची आई, आणि शिकाऊ. सासूबाई म्हणत, आमच्या वेळी या वयाच्या बायका शिकवायच्या, शिकायच्या नाहीत. ती हसून सोडून देई. बाळंतपणात आधीची नोकरी गेली होती आणि दोन वर्षं घरी काढलेल्या बाईला कुणी दारात उभं करत नव्हतं. मोठ्या बाईंनी केलं. सहा महिन्यांची उमेदवारी, आणि शेवटच्या पंधरवड्यात एक काम: सूचना ठरल्या वेळी सगळीकडे आपोआप लागतील असं एखादं टूल निवडायचं. हाताने एकेक सूचना पाच ठिकाणी लावेपर्यंत हरवलेला माणूस पाच वस्त्या पार करून गेलेला असे. "नीट बघून निवड," बाई म्हणाल्या होत्या, "जे निवडशील ते तुलाच चालवायचंय." या वाक्यात नोकरीचं वचन होतं की नुसतीच बोलायची पद्धत, हे तिने लेकीला, ठकीला, कडेवर घेऊन स्वतःला कितीदा तरी विचारलं होतं.

तीन टूलं तिने फुकटच्या मुदतीवर घेतली आणि एका घरातल्या तीन जावांसारखी त्यांना थोरली, मधली, धाकटी अशी नावं दिली. थोरली हरेक गोष्ट विचारून करणारी. एकाने लिहायचं, दुसऱ्याने होकार द्यायचा, मगच सूचना उंबरा ओलांडणार. मधली दिसायला देखणी, पण फोटो असा कापायची की म्हाताऱ्यांची कपाळंच गायब. धाकटी तुरतुरी, सांगायच्या आधी काम उरकून मोकळी. त्या आठवड्यात चालू सूचना तिच्यावरच सोपवल्या होत्या. रांगेत एखादी जागा रिकामी झाली की ती मागची सूचना आपणहून पुढे ओढायची. 'रिकामी जागा भरा' असा एक पर्याय धाकटीने पहिल्या दिवसापासून स्वतःच चालू करून ठेवला होता आणि तो शिकाऊबाईच्या नजरेतून निसटला होता.

तिघींना एकाच मापाने मोजायचं तर तिघींना एकच सूचना द्यायला हवी. खोटी सूचना लिहायची नाही, सरावापुरतीसुद्धा नाही, हा संस्थेचा पहिला नियम. खोट्या आजोबांना शोधायला खरी माणसं धावतात. म्हणून तिने खालच्या खणातली एक काढली. चालू सूचनांचे कागद वरच्या खणात, थांबवलेल्यांचे खालच्या. पहिल्याच दिवशी मोठ्या बाईंनी खालचा खण ओढून तिला तीन कागद दाखवले होते, आणि तिन्ही घरी परतलेल्यांचे. एक आजोबा दोन दिवस बस डेपोत तिकिटं तपासत बसले होते, एक आजी बहिणीच्या जुन्या घराच्या पायरीवर सापडल्या होत्या. तेव्हापासून तिच्या मनात खालचा खण म्हणजे परतलेल्यांचा खण. मन उदास झालं की ती तो उघडून एखादा कागद वाची, आणि तिला बरं वाटे.

शिंपीकाका तिला असेच भेटले. वय एकाहत्तर. राखाडी स्वेटर, डाव्या कोपरावर ठिगळ. ओळखण्याची खूण: अनोळखी माणसाच्या कपड्याची कड दोन बोटांत धरून बघतात, रागावू नये.

त्या 'रागावू नये'वर तिचा जीव जडला. तिने ते शब्द तसेच ठेवले, बाकीचं घोटून सुटसुटीत केलं, तारखेमुळे मधलीत ओळ तुटत होती म्हणून तारीख काढून टाकली, आणि तिघींत लावून दिली.

गुरुवारी सकाळी वरच्या खणातल्या एक आजी पोलीस चौकीत चहा पिताना सापडल्या. फोनकाकांनी आनंदाने टेबल बडवलं. शिकाऊबाईने आजींची सूचना रांगेतून काढली, जागा रिकामी झाली, आणि धाकटीने ती भरली.

"शिकाऊबाई, आज तुझी गाडी जोरात आहे," अकराच्या पुढे कधीतरी फोनकाका चष्मा कपाळावर चढवून म्हणाले. "नऊशे. मोठ्या बाईंना सुद्धा कधी दीडशेच्या वर मिळाले नाहीत."

क्षणभर, खोटं कशाला बोला, ती फुलली. कुठली सूचना ते तिने विचारलं, काकांनी स्क्रीन तिच्याकडे वळवली, आणि तिला राखाडी स्वेटर दिसला. कानशिलं तापली. पण लगेच तिने मनाची समजूत घातली. लाजिरवाणं आहे, पण आभाळ कोसळलेलं नाही. ते घरी शिवत बसले असतील, शेजारीपाजारी थट्टा करतील. तिने काकांना विनंती केली की त्यांच्या घरी जरा फोन लावा, मी क्षमा मागते.

फोनकाकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "घरी कोण आहे असं तुला वाटतं?"

"ते स्वतः. खालच्या खणातले ना ते."

"खालच्या खणात थांबवलेल्या सूचना असतात, पोरी. सापडलेल्यांच्या असतात, तशा कंटाळलेल्यांच्याही असतात."

मग त्यांनी सांगितलं ते असं. शिंपीकाका दोन वर्षं चार महिन्यांपूर्वी दुधाची पिशवी आणायला गेले, ते गेलेच. पहिलं वर्षभर फोन येत होते. याने इथे पाहिलं, त्याने तिथे पाहिलं. प्रत्येक फोनला त्यांची बायको पायांत चपला सरकवून निघे, आणि लेक मशीन थांबवून तिच्यामागे. मग एके दिवशी लेक एकटीच संस्थेत आली, इथल्या याच खुर्चीत बसली, आणि म्हणाली की सूचना थांबवा. बाबा मिळाले नाहीत, निदान आई तरी राहू दे. फोनकाकांनी तो कागद आपल्या हाताने खालच्या खणात ठेवला होता.

सूचनेखाली नंबर होता त्यांच्या दुकानातल्या फोनचा.

 शिकाऊबाईने आधी धाकटीला धरलं. धाकटी म्हणाली, आपली सूचना यशस्वीरीत्या प्रकाशित झाली आहे. परत कशी घ्यायची? ते मूळ पेजवरूनच करावं लागेल. मूळ पेजचा पासवर्ड एकट्या मोठ्या बाईंकडे, आणि मोठ्या बाईंचं आज मोतीबिंदूचं ऑपरेशन. फोन बंद, डोळ्यावर पट्टी. तिने धाकटीच्या मदतकेंद्राला लिहिलं. तिथून एका यंत्राने गोड शब्दांत विचारलं की आजचा आपला अनुभव कसा होता.

फोनकाका दुकानाचा नंबर फिरवत होते. एंगेज. पुन्हा एंगेज. आठव्या वेळेला त्यांनी रिसीव्हर हातातच धरून ठेवला. फोन एंगेज का आहे हे दोघांनाही कळत होतं.

सूचनेखाली लोक लिहीत होते. काल पाहिलं. आमच्या दुकानाशी रोज येतात. बिचारे. आणि एकाने विचारलं होतं, घरचे लोक काय झोपा काढत होते?

निदान खुलासा तरी टाकू या, काका म्हणाले. थोरली दुसरी सूचना लावू देत होती. शिकाऊबाई लिहायला बसली, आणि तिच्या लक्षात आलं की लिहायला वाक्यच नाही. 'ही सूचना जुनी आहे, पुढे पाठवू नये' असं लिहावं, तर लोक म्हणणार, वा, सापडले वाटतं. आणि कुणीतरी फोन करून त्यांच्या बायकोचं अभिनंदन करणार. 'ते अजून सापडलेले नाहीत' असं लिहावं, तर आणखी नऊशे लोक शोधायला निघणार. 'घरी फोन करू नये' म्हणावं, तर लोक म्हणणार, बघा, घरच्यांनाच बाप नकोय. तिने पाच वेळा लिहिलं, पाच वेळा खोडलं. खरं बोलायचं आणि कुणाला दुखवायचं नाही, एवढं साधं वाक्य. आयुष्यभर मराठी बोलणाऱ्या बाईला ते सुचेना.

शेवटी तिने लिहिलं की ही सूचना आमच्या चुकीने लागली आहे, दिलेल्या नंबरवर फोन करू नका, काही कळवायचं असल्यास संस्थेला कळवा. थोरलीने दुसऱ्या माणसाचा होकार मागितला. काकांनी एका बोटाने बटण दाबलं. अर्ध्या तासात खुलासा चाळीस जणांनी वाचला. तोवर शिंपीकाका दोन हजारांवर गेले होते.

"मी त्यांच्या घरी जाते," ती म्हणाली.

"जाऊन काय करशील?"

तिला ठाऊक नव्हतं. काकांनी अडवलं नाही. ते म्हणाले, तू जा, मी बाईंना गाठतो. टेलिफोन ऑफिसात चाळीस वर्षं काही माशा मारल्या नाहीत, हॉस्पिटलचा वॉर्ड म्हणजे काय चंद्रावर आहे?

दुकान बसने वीस मिनिटांवर होतं. खाली मशीन, वर घर. काचेला शाळेचे गणवेश टांगलेले, एका मापाचे, एका रंगाचे, जणू वर्गच भिंतीला लागून उभा केलाय. मशीनवर चाळिशीची एक बाई बसली होती, पण मशीन चालत नव्हतं. शिकाऊबाईने संस्थेचं नाव सांगितलं.

"या," लेक म्हणाली. "रांगेत उभ्या राहा. तुमच्या आधी फोनवाले आहेत."

कोपऱ्यातल्या स्टुलावर, भिंतीच्या फोनशी, शिंपीकाकांची बायको बसली होती. कानाला रिसीव्हर, मांडीवर मापांची वही. छाती, कंबर, उंची असे छापील रकाने. छातीच्या रकान्यात ती जागा लिहीत होती, कंबरेच्या रकान्यात वेळ, उंचीच्या रकान्यात सांगणाऱ्याचं नाव. अक्षर सावकाश, गोल. "हळू बोला गं," ती दोघींकडे न बघता म्हणाली, "ऐकू येत नाहीये." आणि रिसीव्हरमध्ये, "हो भाऊ. स्वेटरचा रंग कोणता म्हणालात?"

शिकाऊबाईने लेकीला सगळं सांगितलं. धाकटी, थोरली काही नाही. नुसतं एवढंच, की चूक माझी आहे, काका घरी परतले असं समजून मी त्यांची सूचना सरावाला घेतली.

"परतले असं समजून," लेक म्हणाली. हा विचार कसा दिसतो ते ती जणू बघत होती. मग तिने मशीनवरचा एक कापडाचा तुकडा उचलून परत तिथेच ठेवला. "जेवताना फोनकडे पाठ करून बसायला हिला दोन वर्षं लागली. आज सकाळी पहिल्यांदा म्हणाली, तुझ्या बाबांचे कपडे कुणाला तरी देऊन टाकू या. आज सकाळी. तुम्हाला किती वेळ लागला हो हे करायला?"

"मला कळलंसुद्धा नाही," शिकाऊबाई म्हणाली. तेच खरं होतं, आणि तेच सगळ्यात वाईट होतं.

तेवढ्यात फोनकाकांचा निरोप आला. त्यांनी हॉस्पिटलचे सगळे फोन उलटेपालटे करून बाईंना गाठलं होतं. बाईंनी पट्टीआडून सगळं ऐकून घेतलं आणि पासवर्ड सांगितला. तो त्यांच्या आईचं नाव आणि ती गेली ते साल असा होता. निरोपाच्या शेवटी काकांनी लिहिलं होतं, बाकी सोमवारी बोलू म्हणाल्या.

तिने तिथेच उभं राहून पेज उघडलं. सूचनेवर बोट ठेवलं. काढायची का, असं पेजने विचारलं. थोरली विचारायची तसंच, पण फार उशिरा.

स्टुलावरची बाई रिसीव्हर खाली ठेवून तिच्याकडे बघत होती. "काढतेस?"

"ताई म्हणतील तसं, काकू."

"तिला कशाला विचारतेस? नवरा माझा आहे."

"आणि बाप माझा नाही?" लेक म्हणाली.

फोन पुन्हा वाजला. म्हातारीचा हात रिसीव्हरवर गेला, पण तिने उचलला नाही. वाजणाऱ्या फोनवर ती नुसता हात ठेवून राहिली, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. वाजून वाजून तो थांबला.

"अकरा झालेत," ती म्हणाली. "हे अकरा मला बघू दे. बारावा नको."

"आई, मागच्या वेळी एकशे चाळीस झाले होते."

"ते तू मोजलेस. मी नाही मोजले."

 लेकीने उठून भिंतीतून फोनची वायर काढली, हातावर गुंडाळली आणि खणात टाकली. मग शिकाऊबाईला म्हणाली की काढा ती सूचना आत्ता, माझ्यासमोर. शिकाऊबाईने काढली. दोन हजार तीनशे माणसं एका अंगठ्याखाली गेली. इकडेतिकडे उरलेल्या नकला कोण कुठवर वेचणार, हे तिने सांगितलं आणि लेकीने मान हलवली, जणू एवढं तरी खरं बोललीस.

"मी येणार नाही," लेक आईला म्हणाली. "संध्याकाळपर्यंत चाळीस गणवेश द्यायचेत. आणि गणवेश नसते तरी आले नसते. दवाखान्यांच्या नि चौक्यांच्या त्या बाकांवर मी पुन्हा बसणार नाही."

म्हातारी पायांत चपला सरकवत होती. एकटीच निघणार होती ती, हे उघड होतं.

"मी जाते काकूंबरोबर," शिकाऊबाई म्हणाली. 

पाळणाघर साडेपाचला बंद होई. बसथांब्यावरून तिने सासूबाईंना फोन केला की आज ठकीला तुम्ही आणाल का, मला उशीर होईल. शिकाऊ माणसाला एवढं कसलं काम, असं सासूबाई म्हणायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. सुनेच्या आवाजात काय ऐकलं कुणास ठाऊक. "आणते मी तिला," त्या म्हणाल्या. "तू काही खाल्लंयस का?"

अकरा फोनांच्या जागा सात निघाल्या. एकाच माणसाला चौघांनी पाहिलं होतं, आणखी एकाला दोघांनी. भाजीबाजाराच्या फाटकाशी कुणीच नव्हतं. औषधांच्या दुकानातला मुलगा म्हणाला की आले होते असं वाटतं, आणि बराच वेळ विचारल्यावर म्हणाला की खरं तर मला मदत करायची होती. चौघांनी पाहिलेले गृहस्थ एका बागेच्या बाकावर बसले होते, राखाडी स्वेटर घालून. शिकाऊबाईने अदबीने विचारलं, तर ते भडकले. सकाळपासून सहा जण येऊन फोटो काढून गेले होते. "मी हरवलेलो नाही," ते म्हणाले, "बायकोची बोलणी खावी लागू नयेत म्हणून इथे येऊन बसतो. आता तिलाही पत्ता कळला." म्हातारी हसली. खरंच हसली, तोंडाला पदर लावून, आणि त्यांना म्हणाली, "घरी जा हो. वाट बघत असेल." मग वही उघडून तिने चार ओळी एकदम खोडल्या.

बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. काकू थकली होती, पण थकलेली दिसत नव्हती. अंगात काहीतरी पेटलं होतं, आणि तेच बघवत नव्हतं. शिकाऊबाईने विचारलं की सूचनेतलं ते रागावू नये, ते तुम्ही लिहिलं होतं का.

"एकाने हात उगारला होता त्यांच्यावर," काकू म्हणाली. "चांगल्या कापडाचा शर्ट होता त्याचा. यांनी नुसती कड धरून बघितली. आयुष्यभर तेच केलं ना माणसाने. कापड बघितल्याशिवाय माणसाशी बोलताच येत नसे त्यांना." आणि थोड्या वेळाने, "तू ते काढलं नाहीस. बाकीचं बदललंस. ते ठेवलंस."

 शिकाऊबाईला वाटलं, या बाईने ओरडावं, निदान एकदा तरी. ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि मनात सोमवारचा कागद लिहीत राहिली. थोरली घ्यावी. सावकाश आहे, हरेक वेळी दोन माणसं लागतात, फुकट मिळत नाही. तरी थोरली. खालच्या खणाचे दोन खण करावेत. सरावाला स्वतःचा फोटो वापरावा. हे सगळं बरोबर होतं, आणि आज सकाळी नऊ वाजता सुचलं असतं तर शेजारची बाई या वेळी घरी कपड्यांच्या घड्या घालत असती. कागदाच्या वर पहिली ओळ 'चूक माझी' अशी घालायची, हेही तिने ठरवलं. त्यानंतर आपल्याला ठेवतील की नाही, हा प्रश्न दुपारपासून तिला एकदाही पडला नव्हता. आता पडला, आणि ठकीच्या नव्या चपलांसारखा लहानसा वाटला.

बँकेच्या पायरीवर नाही. चर्मकाराच्या टपरीशी नाही. डेपोत नाही. एकेक ओळ खोडताना काकू पेन इतकं हलकं धरी की खालचे शब्द वाचता यावेत. शेवटची ओळ होती मोठ्या सरकारी दवाखान्याच्या बाहेरच्या दालनाची. एका बाईने सांगितलं होतं की तिथे दुपारी असे एक आजोबा येऊन बसतात, कुणाबरोबर नसतात.

सव्वासहाला त्या तिथे पोचल्या. उंच छताचं दालन, लोखंडी बाकांच्या रांगा, माणसं खचाखच. काकू दारातच थांबली. चौथ्या रांगेत, त्यांच्याकडे पाठ करून, एक म्हातारा बसला होता. खांदे थोडे पुढे झुकलेले, मान किंचित डावीकडे. मशीनवर जन्म काढलेल्या माणसाची पाठ असावी तशी पाठ.

"तशीच आहे," काकू म्हणाली.

शिकाऊबाई पुढे व्हायला लागली तर तिने मनगट धरलं. "थांब. घाई काय आहे."

दोघी उभ्या राहिल्या. किती वेळ, ते शिकाऊबाईला नंतर कधी सांगता आलं नाही. काकू त्या पाठीकडे बघत होती, आणि जोवर ती पाठ आहे तोवर ते तिथे होते. मग खिडकीवरून कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं, म्हातारा उठला, वळला. रुंद चेहरा, दाट मिशा. हातातले कागद सांभाळत तो त्यांच्या शेजारून गेला. काकूने त्याला वाट दिली.

ती जवळच्या बाकावर बसली आणि वही मांडीवर घेतली, पण उघडली नाही. शिकाऊबाई तिच्यापाशी खाली उकिडवी बसली, तिचे गुडघे धरून. काकू, ती म्हणाली, काकू, मला माफ करा. म्हातारीने तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण लक्ष तिच्याकडे नव्हतं. तोंड थोडं उघडं, नजर समोर, आणि सकाळपासून पहिल्यांदाच ती आपल्या वयाहून म्हातारी दिसत होती.

"आई."

लेक आली होती. केसांना धागे चिकटलेले, खांद्यावर मापाची पट्टी तशीच राहिलेली. चाळीस गणवेश झाले की तसेच टाकून आली, कोण जाणे. वहीतली शेवटची जागा तिने दुकानात उलट्या बाजूने वाचली असणार. ती आईच्या शेजारी बसली. शिकाऊबाईला वाटलं, आता ही बोलेल, आणि बोलावंच तिने.  पण ती आईकडे बघतही नव्हती. पहिल्या रांगेपासून सुरुवात करून ती एकेका बाकावरून नजर फिरवत होती, चेहरा, चेहरा, चेहरा, मग दुसरी रांग, मग तिसरी, सवयीच्या हाताने टाका घालावा तशी, एकही न चुकवता. शेवटच्या रांगेपर्यंत पोचली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"तुम्ही जा आता," ती शिकाऊबाईला म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "घरी कुणी वाट बघत असेल ना?"

शिकाऊबाई उठली. चार पावलं गेली, तोच लेकीने मागून विचारलं, "ती सूचना काढली ना? नक्की?"

"हो ताई. तुमच्यासमोरच काढली."

"हो. काढलीच पाहिजे," लेक म्हणाली. आणि दालनात नवी माणसं येत होती त्या दाराकडे ती बघत राहिली.